जुना युरोपीय कॉफीचा कप: पारखायचा कसा, धुवायचा कसा, ठेवायचा कसा

पोर्सिलेनचा जुना कप हाती आला की बहुतेक जण आधी तो उलटा करतात आणि बुडाशी शिक्का शोधतात. हा क्रम चुकीचा आहे. कपावरची नक्कल करायला सगळ्यात सोपी गोष्ट कोणती असेल, तर ती शिक्का. जर्मनीतल्या माइसेन कारखान्याच्या दोन तलवारी किंवा फ्रान्समधल्या सेव्र कारखान्याची गुंफलेली दोन ‘एल’ अक्षरे कुणीही ब्रशच्या चार फटकाऱ्यांत काढू शकतो, आणि एकोणिसाव्या शतकात ती हजारो कपांवर काढली गेली. माती, झिलई, सोने आणि वापराची झीज यांची नक्कल मात्र फार अवघड आहे. म्हणून आधी कप वाचावा आणि त्यातून निघालेला अंदाज शिक्क्याशी शेवटी पडताळून पाहावा. दोन्हींचा मेळ बसला नाही, तर मातीवर विश्वास ठेवावा.

जवळ काय असावे

दहापट मोठे दाखवणारे भिंग, लहान पण प्रखर टॉर्च, ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च, मोजपट्टी, ग्रॅममध्ये वजन दाखवणारा काटा आणि जाडसर टॉवेल एवढे पुरते. इंग्लिश कप पाहायचे असतील तर पिवळसर उजेडाचा जुन्या पद्धतीचा बल्बही हवा. पांढऱ्या एलईडीत मातीच्या छटा नीट कळत नाहीत.

अंगठ्या, घड्याळ, ब्रेसलेट काढून ठेवा. टेबलावर टॉवेल पसरा. कप आणि बशी एकत्र उचलू नका. आधी कप उचला, मग बशी. कपाचा कान धरून तर कधीच उचलू नका. कान ओल्या मातीच्या पातळ चिखलाने अंगाला चिकटवलेला असतो आणि जुन्या कपात सगळ्यात जास्त डागडुजी याच सांध्यावर झालेली असते. एक हात बुडाखाली, दुसरा अंगाभोवती, अशी पकड ठेवा.

हा कॉफीचाच कप आहे का?

अठराव्या शतकातल्या युरोपात चहा, कॉफी आणि चॉकलेट यांची भांडी वेगळी होती. चहाचा पेला बुटका आणि तोंडाला रुंद असे. सुरुवातीला तो बिनकानाचा, चिनी वाटीच्या घाटाचा असायचा. कॉफीचा कप उंच आणि अरुंद असे. तोंड अरुंद असल्याने कॉफी लवकर निवत नाही आणि गाळ तळाशी बसून राहतो. चॉकलेटचा कप त्याहूनही उंच, पुष्कळदा दोन कानांचा आणि झाकणाचा. त्याच्या बशीत कप रोवून ठेवण्यासाठी उंच कडे किंवा जाळीदार कठडा असतो. असा कठडा दिसला आणि विक्रेता ‘कॉफी कप’ म्हणत असला, तरी ते बहुधा चॉकलेटचे भांडे असते.

कॉफीच्या कपाचे दोन घाट वारंवार भेटतात. पहिला सरळ उभ्या भिंतींचा, नळकांड्याच्या आकाराचा. फ्रान्समध्ये व्हँसेनच्या कारखान्याने १७५० च्या दशकात तो ‘लित्रोन’ या नावाने रूढ केला. इंग्लंडमध्ये त्याला ‘कॅन’ म्हणतात आणि तिथे त्याचा बहराचा काळ साधारण १७९० ते १८२० असा आहे. इंग्लिश कॅन सहसा ६ ते साडेसहा सेंटिमीटर उंच असतो आणि रुंदीही जवळपास तेवढीच असते. दुसरा घाट घंटेसारखा किंवा खाली निमुळता होत गेलेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले ६० ते ९० मिलिलिटरचे छोटे ‘मोका’ कप हा पुढचा टप्पा, आणि आज बाजारात सगळ्यात जास्त तेच सापडतात.

बिनबशीचा इंग्लिश कॅन पाहून लगेच नाराज होऊ नका. त्या काळी इंग्लंडमध्ये चहाचा कप, कॉफीचा कप आणि दोघांना मिळून एकच बशी असा तिघांचा संच विकला जाई. चहा आणि कॉफी एकाच वेळी प्यायची नसल्याने दुसरी बशी लागतच नसे. त्यामुळे अनेक कॅन आज एकटे आहेत आणि त्यात गैर काही नाही. उलट अशा कॅनसोबत तंतोतंत बशी मिळाली, तर ती मूळची की नंतर जुळवलेली हे मुद्दाम तपासावे लागते.

माती ओळखणे

सगळा निकाल इथे लागतो, म्हणून या पायरीला घाई करू नये.

युरोपीय पोर्सिलेनच्या मुख्य जाती तीन. पहिली हार्ड पेस्ट, म्हणजे केओलिन ही शुभ्र माती आणि फेल्डस्पारसारख्या खनिजांची, साधारण १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजलेली माती. जर्मनीत सॅक्सनीमध्ये योहान फ्रीडरिश ब्योटगर आणि त्याचा मार्गदर्शक चिर्नहाउस यांच्या प्रयोगांतून ती १७०८ च्या सुमारास साधली आणि १७१० मध्ये माइसेनचा कारखाना उभा राहिला. व्हिएन्नात दू पाकिए याने १७१८ मध्ये दुसरा कारखाना काढला आणि तिथून ही विद्या जर्मन संस्थानांत पसरली. दुसरी सॉफ्ट पेस्ट. केओलिन हाती नसताना काचेची भुकटी, पांढरी माती, चुना असे काही मिसळून कमी तापमानात भाजलेली. फ्रान्समध्ये व्हँसेन आणि नंतर सेव्र, इंग्लंडमध्ये चेल्सी, बो हे कारखाने या जातीचे. तिसरी बोन चायना. हिच्यात सुमारे निम्मी हाडांची राख आणि उरलेल्यात केओलिन व कॉर्निश दगड (इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधला फेल्डस्पारयुक्त दगड) असतो. स्टॅफर्डशायरमध्ये स्पोड कारखान्याने १८०० च्या आसपास हे प्रमाण बसवले आणि इंग्लंडमध्ये मग तीच मुख्य माती ठरली.

हाताने आणि डोळ्यांनी फरक असा कळतो. कपाच्या बुडाला जी कडी असते, तिचा जमिनीला टेकणारा भाग झिलईविना असेल तर तो भिंगाखाली पाहा. हार्ड पेस्टची उघडी माती करडसर पांढरी, घट्ट आणि गुळगुळीत दिसते. तिथे मळ आत मुरत नाही, वर बसतो आणि धुतल्यावर जातो. सॉफ्ट पेस्टची उघडी माती मळ शोषते आणि तपकिरी पडते. कुठे टवका उडालेला असेल तर तो उत्तम पुरावा. हार्ड पेस्टचा टवका काचेसारखा चकचकीत आणि शिंपल्यासारख्या वक्र कडांचा निघतो, सॉफ्ट पेस्टचा दाणेदार आणि कोरडा.

आता झिलई. हार्ड पेस्टची झिलई मातीच्याच जातीच्या खनिजांची आणि मातीबरोबरच भाजलेली असते. म्हणून ती पातळ, थंड, कडक दिसते आणि तिच्यावर सहसा जाळीदार भेगा पडत नाहीत. वरचे रंग अशा झिलईवर बसतात, बोट फिरवले तर उंचवटा लागतो. सॉफ्ट पेस्टची झिलई शिशाची आणि जाड. तिच्यात रंग बुडाल्यासारखे, कडा विरघळल्यासारखे दिसतात, आणि कानाच्या सांध्यात, बुडाच्या कोपऱ्यात ती साचलेली आढळते. अठराव्या शतकातल्या सेव्रच्या कपाचे सारे सौंदर्य या मऊपणात आहे. तो एकदा नीट पाहिला की हार्ड पेस्टवरची नक्कल चटकन उघडी पडते.

टॉर्च कपाच्या आत धरून बाहेरून पाहा. बोन चायनातून उजेड भरपूर आणि उबदार पांढरा येतो. हार्ड पेस्टमधून तो थंड, निळसर-करडा येतो. इंग्लंडमधल्या वूस्टर कारखान्याचे १७५० आणि ६० च्या दशकांतले कप पिवळसर बल्बसमोर धरले तर हिरवट छटा दिसते. त्याच काळातल्या काही इतर इंग्लिश कारखान्यांच्या कपांतून नारिंगी छटा येते. वूस्टरच्या मातीत शंखजिरे घातलेले असे. तिने उकळत्या पेयाचा धक्का चांगला सोसला, आणि काचेच्या मातीच्या प्रतिस्पर्धी भांड्यांना तडे जात असताना वूस्टरचा धंदा टिकला, त्याचे हे मोठे कारण होते. वूस्टरच्या बुडाच्या कडीच्या आतल्या बाजूला झिलई जरा मागे सरकलेली, अरुंद कोरडी पट्टी सोडलेली अनेकदा आढळते. हीही एक चांगली खूण.

रंग आणि सोने काळ सांगतात

भिंगाखाली चित्र पाहा. हाताने रंगवलेल्या फुलात ब्रशचा फटकारा कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते दिसते, रंगाची जाडी बदलते. छापील चित्र असेल तर प्रकार ओळखा. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या छापात बारीक रेघा असतात. हे तंत्र इंग्लंडमध्ये १७५० च्या दशकापासून आहे, त्यामुळे छाप दिसला म्हणून कप नवा ठरत नाही. १८०० च्या सुमारास इंग्लंडमध्ये एकरंगी बारीक ठिपक्यांचे छापही निघत. पण वेगवेगळ्या रंगांच्या ठिपक्यांतून तयार झालेले फूल दिसले, तर ते शिळाछापाचे चिकटचित्र आहे आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाआधीचे असू शकत नाही. एक फसवा प्रकार असा की बाह्यरेषा छापील आणि आत भरलेला रंग हाताचा. विक्रेते त्याला सर्रास ‘हातचे काम’ म्हणतात. भिंग फक्त रंगावर न ठेवता रेषेवरही ठेवा.

हिरव्या रंगाकडे खास लक्ष द्या. क्रोमियम हे मूलद्रव्यच १७९७ मध्ये सापडले. त्यामुळे क्रोमचा हिरवा रंग त्याआधीच्या कपावर असणे अशक्य. जुना हिरवा तांब्याचा असतो. तो पारदर्शक आणि किंचित निळ्याकडे झुकणारा. क्रोमचा हिरवा सपाट, अपारदर्शक आणि पिवळ्याकडे झुकणारा दिसतो. शंका राहिली आणि कप मोलाचा असला, तर क्ष-किरण प्रतिदीप्ती चाचणीत क्रोमियम आहे की नाही ते कपाला धक्का न लावता कळते.

सोन्याचे तीन काळ आहेत. अठराव्या शतकात सोन्याची पूड मधात घोटून लावत. ते सोने जाड, मऊ, किंचित मंद असते, आणि सेव्रमध्ये त्याच्यावर सुईने नक्षी कोरलेली आढळते. शतकाच्या अखेरीस पाऱ्यात मिसळलेले सोने आले. हे पातळ असते आणि घोटल्यावर जरा पितळी चमक देते. १८३० च्या सुमारास माइसेनमध्ये हाइनरिश क्यून याने द्रवरूप चकचकीत सोने साधले. ते भट्टीतूनच चकाकत निघते, घोटावे लागत नाही, पण फार पातळ असल्याने लवकर झिजते. म्हणजे १७६० चा म्हणून दाखवलेला कप आणि काठावर आरशासारखे पातळ, घासल्यावर जांभळट दिसणारे सोने, हा मेळ बसत नाही.

झीजही वाचावी. उजव्या हाताने पिणाऱ्याचे ओठ कानापासून साधारण पाव घेर अंतरावर टेकतात. तिथे सोने जास्त झिजलेले असावे. कानाच्या वरच्या वळणावर, जिथे अंगठा बसतो, तिथेही. बशीत कप ठेवण्याच्या जागी वर्तुळाकार घासल्याच्या खुणा असतात आणि त्यांचा व्यास कपाच्या कडीशी जुळतो. काठावर सगळीकडे सारखीच झीज असेल तर ती कागदाने घासून आणलेली असण्याची शक्यता धरा.

आता शिक्का

माइसेनच्या तलवारी १७२० च्या दशकापासून झिलईखाली निळ्या रंगात हाताने काढल्या जातात. झिलईखाली आहेत का ते पाहायला उजेड तिरपा पाडा. चमक शिक्क्यावरून अखंड गेली तर तो झिलईखाली आहे, अडखळली तर वर काढलेला. साधारण १७६३ ते १७७४ मध्ये मुठींच्या मध्ये ठिपका, तर १७७४ ते १८१४ या, संचालक मार्कोलिनीच्या काळात तारा आढळतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुठींच्या टोकांना गोळे आहेत. १९२४ ते १९३४ या काळात पात्यांच्या टोकांमध्ये ठिपका आहे. तलवारींवर आडवी चीर कोरलेली दिसली तर ती कारखान्यानेच मारलेली असते. एक चीर बहुधा किंचित दोषाचा किंवा न रंगवता विकलेला माल दाखवते. अशा कपावर भरगच्च चित्र असेल तर ते बाहेरच्या रंगाऱ्याचे असण्याची दाट शक्यता आहे, आणि किंमत त्यानुसार खूप खाली येते.

‘एआर’ ही गुंफलेली अक्षरे पाहून माइसेन स्थापणाऱ्या राजा ऑगस्टसचा खासगी कप मिळाला असे समजू नका. एकोणिसाव्या शतकात ड्रेस्डेनच्या हेलेना वोल्फझोन यांच्या रंगशाळेने हा शिक्का वर्षानुवर्षे वापरला, आणि माइसेनने कोर्टात जाऊन तो थांबवला. बाजारातले बहुसंख्य ‘एआर’ कप याच प्रकारचे आहेत. त्यातले काही सुंदर आहेत, फक्त ते १८७० चे म्हणून विकत घ्यावेत, १७३० चे म्हणून नाही.

व्हिएन्नाची खूण म्हणजे ऑस्ट्रियाची आडव्या पट्ट्यांची ढाल. कारखाना १७४४ मध्ये सरकारी झाला, तेव्हापासून १८६४ मध्ये बंद होईपर्यंत ती चालली. उलटी धरली की ती मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसते आणि बाजारात तिला तेच नाव पडले आहे. खरी ढाल हाताने काढलेली, वेडीवाकडी, झिलईखाली निळी असते. साधारण १८२७ नंतर निळ्याऐवजी मातीत दाबून उमटवलेली. १७८३-८४ पासून बुडाशी वर्षाचे अंकही दाबलेले आढळतात. आधी शेवटचे दोन, १८०० पासून शेवटचे तीन. ‘८०३’ म्हणजे १८०३. नीटनेटकी, छापील किंवा झिलईवरची ढाल आणि सोबत रोमन देवतांचे भडक चित्र असा कप जवळपास नेहमीच १८६४ नंतरचा असतो.

सेव्रची गंमत तारखेच्या अक्षरात आहे. १७५३ ला ‘ए’, १७५४ ला ‘बी’ असे करत १७७७ ला ‘झेड’, आणि १७७८ पासून दुहेरी अक्षरे. फ्रान्सला केओलिन सापडले १७६८ मध्ये, लिमोजजवळच्या सँ-तिरिए इथे, आणि सेव्रची हार्ड पेस्ट त्यानंतरची आहे. म्हणून कपावर १७५८ चे ‘एफ’ अक्षर आहे आणि माती मात्र हार्ड पेस्ट, तर तो कप खोटा. या एका पडताळणीत निम्म्या नकला गळतात. मातीची पायरी आधी ठेवण्याचे कारण हेच. उरलेल्यांत एक कठीण जात आहे. १८०० नंतर संचालक ब्रोन्यार याने सॉफ्ट पेस्टची जुनी पांढरी, अर्धवट रंगवलेली भांडी विकून टाकली. ती बाहेरच्या रंगाऱ्यांनी, विशेषतः इंग्लंडमध्ये, रंगवली. तिथे माती खरी, शिक्काही खरा असू शकतो आणि चित्र उपरे. जुने भांडे पुन्हा भट्टीत घातल्याने झिलईत बारीक काळे ठिपके उठतात. ते दिसले की सावध व्हा.

बाकीच्या खुणा थोडक्यात. बर्लिनच्या केपीएम या राजेशाही कारखान्याचा राजदंड, १७६३ पासून. पण ‘केपीएम’ ही अक्षरे इतर कारखान्यांनीही वापरली, त्यामुळे राजदंडाविना नुसती अक्षरे पुरेशी नाहीत. कोपनहेगनच्या तीन निळ्या लाटा, १७७५ पासून. फ्यूर्स्टेनबेर्गचे ‘एफ’, निम्फेनबुर्गची दाबलेली बव्हेरियन ढाल. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचे पॅरिसचे, आतून सोन्याने मढवलेले, हंसाच्या आकाराचा कान असलेले कप पुष्कळदा बिनशिक्क्याचे असतात, आणि त्याने त्यांचा दर्जा कमी होत नाही.

देशाचे नाव लिहिलेले असेल तर अमेरिकेचा मॅककिन्ले जकात कायदा आठवा. १८९१ पासून तिथे जाणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव लागले. नुसते ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ म्हणजे बहुधा त्यानंतरचे, ‘मेड इन’ जोडलेले असेल तर बहुतेक विसाव्या शतकातले. ब्रिटिश मालावर १८४२ ते १८८३ पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची नोंदणीखूण आहे, १८८४ पासून ‘आरडी’ आणि क्रमांक.

डागडुजी शोधणे

टवका आणि चीर दिसल्या तर भाव कमी करता येतो. न दिसलेली डागडुजी पूर्ण पैशांना पडते. कप मधल्या बोटाच्या टोकावर तोलून नखाने काठावर हलकी टिचकी मारा. धड कप घणघणतो, चिरलेला बद्द वाजतो. कानाजवळ टिचकी मारू नका. अंगात जुन्या डागडुजीची धातूची टाचणी असेल किंवा कान चिकटवलेला दिसत असेल, तर ही परीक्षा करूच नका.

मग टॉर्च आत धरून कप सावकाश फिरवा. केसाएवढी चीर उजेडात काळसर रेघ म्हणून दिसते. भट्टीतच पडलेली चीर वेगळी. तिच्या कडा गोलसर असतात, झिलई तिच्यात उतरलेली असते आणि नख टोचत नाही. तिने कप कमकुवत होत नाही, किंमतही फारशी उतरत नाही.

अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्चने पाहिले, तर नवा गोंद आणि डागडुजीचा रंग बहुतेक वेळा निळसर पांढरे किंवा पिवळट चमकतात आणि मूळ झिलईपासून वेगळे उठून दिसतात. काही आधुनिक डागडुजी मात्र मुद्दाम न चमकणाऱ्या पदार्थांनी केली जाते, म्हणून नुसत्या या टॉर्चवर भिस्त ठेवू नये. कानाचे दोन्ही सांधे, काठ आणि बुडाची कडी या तीन जागी गाल किंवा ओठ लावून पाहा. झिलई थंड लागते, रंगाचा थर किंचित कोमट आणि चिकटसर.

कप आणि बशी मूळची जोडी आहे का? पांढऱ्याची छटा, सोन्याचा रंग, काठाच्या पट्टीची रुंदी, नमुन्याचा क्रमांक आणि रंगाऱ्याचे चिन्ह शेजारी ठेवून तपासा. अठराव्या शतकातल्या बशीत कप बसवायचा खळगा सहसा नसतो. ती नुसती खोलगट असते. खळग्याची बशी आणि फ्रान्सचा राजा लुई पंधरावा याच्या काळातला कप एकत्र दिसले, तर बशी बहुधा नंतरची आहे.

धुणे

सिंकमध्ये थेट धुऊ नका. नळाला आपटून गेलेल्या कानांची गणती नाही. प्लॅस्टिकच्या टबात टॉवेल अंथरा, कोमट पाणी घ्या, सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब टाका. एका वेळी एकच भांडे. मऊ ब्रशने कानाच्या सांध्यातला मळ काढा, सोन्यावर कापूस नुसता टेकवा, घासू नका. दुसऱ्या टबातल्या स्वच्छ पाण्यात विसळा आणि टॉवेलवर दिवसभर वाळू द्या.

डिशवॉशर कायमचा विसरा. उष्णता आणि क्षार मिळून सोने दोन-चार फेऱ्यांत नेतात आणि झिलईवरचे रंग फिके करतात. लिंबू, व्हिनेगर, खाण्याचा सोडा किंवा भांडी घासायची पावडर सोन्याला आणि रंगांना लावू नका. आत कॉफीचा डाग बसला असेल आणि आतला भाग पूर्ण पांढरा, बिनभेगांचा हार्ड पेस्ट असेल, तर सोड्याची पातळ लापशी ओल्या कापसावर घेऊन हलक्या हाताने फिरवणे चालते. क्लोरीनचे ब्लीच कोणत्याही कपाला लावू नये. त्याचे क्षार भेगांत राहतात, नंतर स्फटिक होतात आणि झिलई उचलतात.

जुन्या डागडुजीचा कप पाण्यात बुडवायचाच नाही. प्राण्यांच्या सरसाचा जोड कोमट पाण्यात सुटतो, लाखेचा मऊ पडतो, आणि लोखंडी टाचण्या गंजून मातीत तपकिरी डाग सोडतात. असा कप ओलसर कापसाने पुसावा. भेगाळलेल्या सॉफ्ट पेस्टचेही तसेच. पाणी आत शिरताना पृष्ठभागावरचा मळही आत ओढते आणि डाग खोल जातो. मुरलेले डाग हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पट्टीने निघतात हे खरे, पण ते काम मातीकामाच्या संवर्धकाकडेच द्यावे.

त्यातून कॉफी प्यावी का?

सॉफ्ट पेस्टच्या कपातून नको. झिलई शिशाची आहे आणि माती उकळत्या पेयाने तडकू शकते. हार्ड पेस्टच्या झिलईत शिसे नसते, पण वरच्या रंगांत असते. म्हणून आतून पूर्ण पांढरा, काठावर रंग नसलेला, एकही चीर किंवा डागडुजी नसलेला, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला किंवा नंतरचा हार्ड पेस्ट कप तेवढा अधूनमधून वापरण्याजोगा. आधी कोमट पाण्याने ऊब द्या, मग कॉफी ओता, चमचा जपून फिरवा, पिऊन झाल्यावर लगेच विसळा. कॉफी तासन्‌तास ठेवू नका.

ठेवणे आणि पाठवणे

कपात कप रचू नका. आतला सोन्याचा काठ घासतो आणि वरचा कप अडकला की तो काढताना कान जातो. कानाने खुंटीला टांगणे तर सरळ आमंत्रण. बशा रचायच्याच असतील तर मध्ये आम्लरहित कागद किंवा फ्लॅनेल घाला. तारेचे बशी टांगायचे क्लिप काठावर सतत ताण देतात, आणि बारीक चीर असली तर ती वाढते. कपाटात जवळून तापणारे दिवे नकोत. त्यांच्या उष्णतेने जुने गोंद मऊ पडतात.

प्रत्येक कपाची नोंद ठेवा. उंची, तोंडाचा व्यास, ग्रॅममधले वजन, बुडाचे छायाचित्र आणि दोषांचे जवळून घेतलेले छायाचित्र. विमा आणि विक्री दोन्हींना ती लागते. लिलावात घेताना दोषांचा लेखी अहवाल मागा. ‘ए एफ’ अशी नोंद म्हणजे नुकसान आहे आणि ते तुमच्या माथी. बोलीवर लिलावघराचे कमिशन वेगळे लागते, ते धरून मर्यादा ठरवा.

पाठवताना आधी कपाच्या आत आम्लरहित कागद सैलसर भरा. कानाच्या पोकळीत कागदाची गुंडाळी घाला आणि मग अख्ख्या कपाला वेढा द्या, म्हणजे ताण एकट्या कानावर येत नाही. रद्दी वर्तमानपत्र भांड्याला लागू देऊ नका, शाई उघड्या मातीत उतरते. बशी वेगळी गुंडाळा आणि आडवी न ठेवता उभी ठेवा. लहान खोके मोठ्या खोक्यात, सर्व बाजूंनी निदान ५ सेंटिमीटर भरण. खोके हलवून आतून काहीही आवाज आला तर पुन्हा उघडा. थंडीतून आलेले पार्सल खोलीच्या तापमानाला येईपर्यंत काही तास तसेच राहू द्या, आणि त्या दिवशी कोमट पाणीसुद्धा लावू नका.